सांगता होईपर्यंत

अखिल भारतीय आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल स्पर्धेचा अंतिम सामना आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या मैदानावर सुरू झाला, तेव्हा लोक सकाळी स्वेटर घालून बघायला आले होते. तो संपला तेव्हा घरोघर कूलरला नवी खस लागली होती. यात खेळाडूंचा काही दोष नव्हता. दोष असलाच तर अयोध्या नगरातल्या एका बिल्डरचा होता, आणि बेसबॉल हा खेळ आहे की औषध हे त्याला आजही माहीत नाही.

झालं असं, की यशवंतराव सरवटे त्या वर्षी जानेवारीअखेर रिटायर झाले. माणूस मूळचा इंदूरचा, पण सगळी नोकरी भोपाळच्या या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलमध्ये गेली. ओतकामातून आलेला टर्बाइनचा माल तपासायचा आणि त्यातली खोट शोधायची, हे त्यांचं काम. खोट सापडली नाही तर ते अस्वस्थ होत आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागत. लग्नाच्या पंगतीत ते जिलबी उजेडाकडे धरून बघतात, असं फाउंड्रीवाले सांगत. ते खोटं होतं. ते ती फक्त उलटून बघत.

रिटायर झालं की क्वार्टर सोडायचा असतो. यशवंतरावांनी अयोध्या नगरात फ्लॅट घेऊन ठेवला होता. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता आणि इमारत अजून दुसऱ्यापर्यंतच आली होती. बिल्डरला विचारलं की तो म्हणे, "साहब, आपका तो रेडी ही समझो. बस नीचेवाला हो जाने दो."

दुसरी सोय नेहरू नगरात होती. तिथे मंदाकिनीबाईंची, म्हणजे यशवंतरावांच्या पत्नीची, थोरली बहीण इंदुताई आणि तिचे यजमान मोहनराव राहत. इंदुताईंनी मागची खोली झाडून, पलंगावर चादर घालून, "कधीही या" असा निरोप धाडला होता. या निरोपानं मंदाकिनीबाईंची झोप उडाली. इंदुताईंच्या घरात चहा दुसऱ्यांदा मागितलेला चालत नसे. मोहनराव पहाटे उठून वर्तमानपत्र पहिल्या पानापासून निविदा सूचनांपर्यंत मोठ्यानं वाचत, आणि घरात जो कोणी असेल त्यानं मधूनमधून हुंकार द्यायचा असे.

"मी रस्त्यावर राहीन," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "पण ताईकडे नाही राहणार. रस्त्यावर निदान मागितला की चहा मिळतो."

अशा वेळी बेसबॉल आला.

मोसमातली ही शेवटची स्पर्धा. ती दरवर्षी वेगळ्या गावी भरते. त्या वर्षी ज्यांनी भरवायची त्यांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं, आणि दिल्लीच्या बैठकीत जेवणाची वेळ झाल्यामुळे आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी "हम कर लेंगे" म्हणून टाकलं. कॉलेजला मैदान नव्हतं. मैदान कारखान्याचं होतं. तेव्हा कारखान्याच्या बड्या साहेबांनी मीटिंग बोलावली आणि विचारलं, "बेसबॉल किसी ने देखा है?"

निरोपाच्या कार्यक्रमाची शाल आणायला आलेले यशवंतराव दारापाशी उभे होते. त्यांनी हात वर केला. ऐंशी सालाच्या आसपास एक मशीन तपासायला कंपनीनं त्यांना अमेरिकेला पाठवलं होतं, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना एका संध्याकाळी सामना दाखवला होता. दुसऱ्या दिवशी लवकर काम असल्यामुळे ते मध्येच उठून आले होते, पण हे सांगायची वेळ आली नाही. बेसबॉल सुरू कसा होतो आणि चालतो कसा, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. संपतो कसा, ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

लगेच ऑर्डर निघाली. श्री. सरवटे हे स्पर्धेचे संघटन सचिव. सचिवानं मैदानाजवळ राहणं आवश्यक असल्यामुळे मैदानासमोरचा त्यांचा सध्याचा सी-टाइप क्वार्टर स्पर्धेची सांगता होईपर्यंत त्यांच्याकडे राहील.

ऑर्डरवर एस्टेट ऑफिसर दिलीप वानखडे यांची सही होती. वानखडे नागपूरकडचे. वडील सरकारी कचेऱ्यांबरोबर भोपाळला आले आणि मुलगा कारखान्यात लागला. टाउनशिपमधले हजारो क्वार्टर कोणाकडे आहेत, कोणाकडे जायचे आहेत आणि कोण सोडत नाही, हे त्यांच्या डोक्यात चोवीस तास फिरत असे. सरवट्यांच्या क्वार्टरसाठी तर एक डेप्युटी मॅनेजर बायको-मुलांसह गेस्ट हाउसमध्ये येऊन बसला होता आणि रोज सकाळी वानखड्यांच्या टेबलासमोर उभा राहून नुसता बघायचा.

"आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, काका," वानखडे म्हणाले. "सांगता झाली का मी किल्ली घ्यायला येतो. काकूंना म्हणाव, सामान बांधून ठेवा."

सुरुवातीचे सामने सुरळीत झाले. जिंकणारे जिंकले, हरणारे पंचवीस वर्षांपूर्वीच्या बांधणीच्या आमच्या गेस्ट हाउसमध्ये जेवून गावोगाव गेले. अंतिम सामन्यात पंजाबचं एक कॉलेज आणि केरळचं एक कॉलेज उरलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, फलंदाज बॉल मारतो, मग तीन खुणांना पाय लावत चौकोन पुरा करून जिथून निघाला तिथे परत येतो. आला की एक रन; पोचायच्या आत समोरच्यानं अंगाला बॉल लावला की आउट. दोन्ही संघांच्या नऊ-नऊ इनिंग होतात. आणि हा खेळ बरोबरीत सुटत नाही. नवव्या इनिंगनंतर बरोबरी असली तर दहावी खेळायची, मग अकरावी, असं कोणीतरी पुढे निघेपर्यंत. हे सगळं नियमांच्या पुस्तकात होतं आणि पुस्तक यशवंतरावांकडे होतं. पंच होते गोविंदराव काळेले, स्टोअर्सचे. गोविंदराव क्रिकेटचे पंच म्हणून टाउनशिपमध्ये नावाजलेले होते, आणि बेसबॉलमध्ये काहीही झालं की ते यशवंतरावांच्या खुर्चीकडे बघत.

नऊ इनिंग झाल्या. चार-चार. दहाव्या इनिंगमध्ये पंजाबचा एक गडी चौकोन पुरा करत घसरत आला, केरळच्या गड्यानं त्याच क्षणी त्याला बॉल लावला, आणि भोपाळची ती लाल माती अशी उडाली की दोघेही दिसेनात. माती खाली बसल्यावर दोघे एकमेकांच्या अंगावर होते आणि गोविंदराव यशवंतरावांकडे बघत होते.

यशवंतराव उठले. मैदानात जाऊन उकिडवे बसले, चष्मा कपाळावर चढवला, खिशातली पट्टी काढून पायाच्या घसटीची लांबी मोजली. मग त्यांनी दुसऱ्या खिशातून एक पिवळी चिठ्ठी काढली आणि ती तिथे पडलेल्या बॅटला दोऱ्यानं बांधली.

आमच्या कारखान्यात तपासलेल्या मालाला चिठ्ठी लागते. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे बाद. पिवळी म्हणजे होल्ड. अजून ठरलेलं नाही, तोवर कोणी हात लावायचा नाही. होल्डवरचा माल कधी दोन दिवस पडून राही, कधी त्याच्यात पिंपळ उगवे. पण त्यावर कोणी वाद घालत नसे. वाद निकालावर घालता येतो. होल्डवर काय घालणार?

पंजाबचे कोच धावत आले. "ओ जी, ये कौन सा रूल है? रन हुआ कि नहीं हुआ?"

"हुआ है, पाजी," गोविंदराव म्हणाले. "बस पास नहीं हुआ."

"तो आउट है?"

"आउट भी हुआ है. वो भी पास नहीं हुआ."

प्रेक्षकांत सगळी कारखान्याचीच माणसं. पिवळी चिठ्ठी दिसताच सगळ्यांनी समजून मान हलवली आणि डबे उघडले. एवढ्यात पाचचा भोंगा झाला. आमच्याकडे भोंग्यानंतर कोणतंही काम चालू राहत नाही. बॉल टाकणाऱ्या पिचरनं हात वर नेला होता, तो त्यानं तसाच खाली आणला. ग्राउंड्समननी मैदानावर पाणी मारलं आणि सगळे घरी गेले.

त्या पहिल्या होल्डमध्ये काही काळंबेरं नव्हतं, हे यशवंतरावांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. माती खरंच उडाली होती.

घरी मंदाकिनीबाई पोळ्या करत होत्या. "काय झालं शेवटी?"

"बरोबरी. उद्या पुढे खेळायचं."

"आणि उद्याही बरोबरीच झाली तर?"

"तर परवा."

मंदाकिनीबाई उलथनं हातात धरून उभ्या राहिल्या. तव्यावरची पोळी फुगली, खाली बसली आणि करपायला लागली. "म्हणजे सांगता नाही."

"मंदा, तू जे मनात आणते आहेस तसलं मी काही करणार नाही. उभ्या नोकरीत मी कधी..."

"मी काय म्हटलं? मी फक्त ताईला फोन करून सांगते, इतक्यात येत नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी केरळचा एक रन होल्डवर गेला, कारण धावणाऱ्याच्या बुटाची नाडी त्याच्या आधी खुणेला लागली होती आणि नाडी हा पायाचा भाग मानायचा का, हे पुस्तकात नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवशी पंजाबचे दोन गेले, कारण बॉलची एक शिवण बाकीच्यांपेक्षा उंच होती. मग एक रन फाउंड्रीकडून आलेल्या वाऱ्यावर गेला. एक, मारताना फलंदाज "सॉरी" म्हणाला म्हणून गेला. तो कोणाला म्हणाला आणि का, याची चौकशी व्हायची होती. यशवंतराव कोणताही रन नाकारत नसत. कोणाचं मन दुखवत नसत. ते जवळ जाऊन नीट बघत, आणि इतकी वर्षं खोट बघण्यात गेलेल्या डोळ्यांना ती दिसायचीच.

फलकावर आता तीन रकाने होते. पंजाब चार, केरळ चार, होल्ड एकोणीस. होल्ड बराच पुढे होता. आमच्या लेनमधले निम्मे लोक उघडपणे होल्डच्या बाजूचे होते आणि संध्याकाळी पानाच्या टपरीवर "आज अपना कितना हुआ?" असं विचारत. पंजाब आणि केरळचे समर्थक त्यांना तत्त्वशून्य म्हणत.

खेळाडूही रुळले. पंजाबचा पिचर गुरविंदर लेनमधल्या म्हाताऱ्यांचे गॅस सिलिंडर उचलून द्यायचा आणि मंदाकिनीबाई त्याच्या खांद्याला हळद-तेल पाठवायच्या. केरळची पोरं रविवारी शाहपुऱ्याच्या तळ्यावर फिरायला जायची आणि येताना गेस्ट हाउसच्या खानसाम्यासाठी नारळ शोधून आणायची. फक्त केरळचा जोमोन नावाचा एक फलंदाज कोणाशी बोलत नसे. त्याची परीक्षा जवळ आली होती आणि त्याला घरी जायचं होतं. तो रोज आपली बॅग भरून मैदानावर आणायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा.

वानखडे एक दिवस क्वार्टरवर आले. व्हरांड्यात बसून त्यांनी दोन कप चहा घेतला. इथे दुसरा मिळायचा.

"काका, ही मॅच संपून का नाही राहिली?"

"बेसबॉलला वेळेचं बंधन नसतं, दिलीप."

"एस्टेटला असते ना पण. तो डेप्युटी मॅनेजर रोज माझ्यासमोर येऊन उभा होऊन राहिला. बोलत नाही काही. बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं."

"तू येत जा ना बघायला," यशवंतराव म्हणाले. "खेळ चांगला आहे."

वानखडे यायला लागले. आधी नजर ठेवायला म्हणून आले, मग पहिल्या रांगेत बसायला लागले. रिकामी फाइल मांडीवर ठेवून ते कोणाचा कोणता गडी डावखुरा आहे ते लिहून घेत. एरवी खेळाशी काही देणं-घेणं नसलेल्या त्या प्रचंड गर्दीत नियम शिकलेला माणूस तो एकच. पण किल्ली काही मिळेना, तेव्हा ते बड्या साहेबांकडे गेले आणि म्हणाले, दोन्ही संघांना विजेते जाहीर करून सांगता करून टाका.

"कप एक है," बडे साहेब म्हणाले. "आधा-आधा काटके दूँ?" खरं म्हणजे साहेबांनाही घाई नव्हती. दिल्लीच्या हेड ऑफिसनं उत्पादनाचा आढावा घ्यायला बोलावलं की ते कळवत, राष्ट्रीय स्पर्धा सुरू आहे, जागा सोडता येत नाही. आढावा तीनदा पुढे गेला होता.

असं चाललेलं असताना एका दुपारी जोमोन खेळायला आला.

ऊन मी म्हणत होतं. गुरविंदरचा खांदा थकला होता. त्या इनिंगमधली पंजाबची पाळी होऊन गेली होती, रकाने जिथल्या तिथे होते, आणि केरळनं आता एक जरी रन काढला तरी खेळ खलास होणार होता. अर्थात हे महिनाभर रोजच होणार होतं, त्यामुळे कोणी विशेष बघत नव्हतं. जोमोननं आपली बॅग यशवंतरावांच्या खुर्चीशेजारी ठेवली. गुरविंदरनं बॉल टाकला. जोमोननं मारला.

त्याचा आवाज वेगळा आला. पानवाला बाहेर आला. बॉल पिचरवरून, मधल्या गड्यांवरून, कुंपणावरून, रस्त्यावरच्या अशोकाच्या ओळीवरून गेला; कडेला नाही, तिरका नाही, कोणाच्या हाताला, पानाला, तारेला न लागता गेला. मग पलीकडे काच फुटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ मंदाकिनीबाईंचा आवाज आला, "कोण आहे रे तो?"

सगळे उठून क्वार्टरकडे गेले. दारात मंदाकिनीबाई उभ्या होत्या. "आधी जोडे काढा," त्या म्हणाल्या. दोन्ही संघांनी, दोन्ही कोचांनी, पंचांनी आणि एस्टेट ऑफिसरनं जोडे काढले. स्वयंपाकघरात ओट्यावर आमटीचं पातेलं होतं आणि पातेल्यात बॉल होता. खिडकीच्या मोठ्या काचेची चौकट तेवढी उरली होती.

वानखडे दरवाज्याला टेकून उभे राहिले. महिनाभर या क्षणाची वाट बघितल्यामुळे त्यांना बोलताना दम लागत होता. "काका, आता एकच सांगा. हा क्वार्टर मैदानाच्या बाहेर आहे का आत?"

"का?"

"बाहेर असेल तर बॉल बाहेर गेला. रन झाला, केरळ जिंकलं, सांगता झाली. आत असेल तर हे मैदान आहे. मैदानात कोणाला राहता नाही येत. कसंही म्हणा, मी किल्ली घेऊनच जाऊन राहिलो."

आमटीतल्या गोड्या मसाल्याचा वास येत होता. गोविंदराव यशवंतरावांकडे बघत होते. यशवंतरावांचा हात खिशात गेला, पिवळ्या चिठ्ठ्या असत त्या खिशात.

"ठेवा ना होल्डवर," मंदाकिनीबाई हळूच मराठीत म्हणाल्या. "एवढे ठेवलेत. बॉल आमटीत पडलाय, ओला झालाय, काहीतरी असेलच की."

यशवंतरावांनी पळी घेऊन बॉल बाहेर काढला आणि पदरासारखं काही न मिळाल्यामुळे आपल्या शर्टाला पुसला. खिडकीपाशी जाऊन उजेडाकडे धरला. शिवण बघितली. मग चौकटीतून मैदानाकडे बघितलं, जोमोन उभा होता तिथून अशोकापर्यंत, अशोकापासून ओट्यापर्यंत, आणि पुन्हा उलटं. चष्मा कपाळावर चढवला, उतरवला. ते बराच वेळ बघत राहिले. एक कोच कंटाळून ओट्याला टेकला. मंदाकिनीबाईंनी त्याला सरकवलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "ताईकडे मागची खोली आहे. दक्षिणेची."

"ठाऊक आहे."

"पहाटे निविदा ऐकायच्या आहेत."

"मंदा, मी बघतोय ना. मला सापडत नाहीये." त्यांचा आवाज असा होता, की त्यांना ताप आहे की काय असं वाटावं. "सगळ्या नोकरीत असा एक नग माझ्या हाताखालून गेला नाही. कुठे भोक नाही, चीर नाही, केसाएवढी वाकडी रेघ नाही. याला मी काय लिहू?"

त्यांनी पाकीट काढलं. त्यात हिरवी चिठ्ठी एकच होती, घडीवर पिवळी पडलेली. ती बॉलला बांधता येईना म्हणून त्यांनी जोमोनच्या मनगटाला बांधली.

"पास," ते म्हणाले.

केरळची पोरं नाचायला लागली, पण अनवाणी आणि काचा, म्हणून ती जागच्या जागी नाचली. पंजाबच्या कोचनं विचारलं, "और जी, हमारे ग्यारह होल्ड?" गोविंदरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पाजी, डिस्पैच हो गया. अब उनको कोई नहीं पूछता." टपरीवर होल्डच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी सुतक पाळलं.

संध्याकाळी सांगता झाली. बड्या साहेबांनी भाषणात खिलाडू वृत्तीचं महत्त्व सांगितलं आणि दिल्लीला जायचं म्हणून लवकर निघाले. वानखड्यांनी यशवंतरावांना हार घातला आणि त्याच हातानं क्वार्टर सोडण्याची नोटीस दिली. घरी मंदाकिनीबाईंनी बरण्यांची तोंडं फडक्यांनी बांधली. जेवताना म्हणाल्या, "हुंकार तुम्ही द्यायचा. मी नाही."

सकाळी मॅटाडोर आली. सामान चढत असताना वानखडे ताबा घ्यायला आले. नळ बघितले, पंखे फिरवून बघितले, दारांच्या कड्या लावून बघितल्या. स्वयंपाकघरात आले आणि थांबले.

"ही काच."

"काल फुटली. तू होतास की," यशवंतराव म्हणाले.

वानखड्यांनी खिडकीत हात घालून बघितला, जणू काच असूनही दिसत नसेल. मग ते ओट्यावर बसले. मंदाकिनीबाईंनी त्यांना सरकवलं नाही, इतका त्यांचा चेहरा उतरला होता.

"फुटक्या काचेचा क्वार्टर एस्टेटला ताब्यात घेता नाही येत, काका. आधी सिव्हिलवाल्यांनी काच लावली पाहिजे. ही जुनी, नक्षीची काच. असली आता बनत नाही. ते तिच्यासारखी शोधतील, नाही मिळाली तर दुसरी लावायला वरून परवानगी मागतील. आमच्या घरातल्या काचेला दोन पावसाळे लागले."

"मी बाजारातून आणून लावतो," यशवंतराव म्हणाले.

"रिटायर माणसाला कंपनीच्या खिडकीला हात लावता नाही येत."

"मग आम्ही जाऊ का?"

"ताबा दिल्याशिवाय कसे जाता? क्वार्टर उघडा टाकून?" वानखडे ओट्यावरून उठले. त्यांच्या डोळ्यांसमोर तो डेप्युटी मॅनेजर उभा असावा. "मी सिव्हिलमध्ये जाऊन बसतो. आजच कोणाला धरून आणतो. दुसऱ्या कोणी काच लावलेली असती, भुतानं का लावलेली असेना, तरी मी डोळे झाकून सही केली असती. काच दिसली पाहिजे, बस." आणि ते स्कूटर काढून निघून गेले.

मंदाकिनीबाईंनी मॅटाडोरवाल्याला बरण्या आधी उतरवायला सांगितलं.

अर्धं सामान आत आलं होतं, तेव्हा जोमोन आला. हिरवी चिठ्ठी अजून मनगटाला होती. तो खाली मान घालून म्हणाला, "सॉरी आंटी, आपका विंडो मैं तोडा."

"काही नाही रे बेटा. बैठ. शिरा खा."

त्यानं शिरा खाल्ला. मग खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि वितीनं चौकट मोजायला लागला. "आंटी, मेरे पप्पा का ग्लास का दुकान है. मैं बचपन से करता. मार्केट से पीस लाएगा, एक घंटे में फिट कर देगा. ये डिझाइन भी मिलता है, मैंने कल ही एक दुकान में देखा."

मंदाकिनीबाईंच्या हातातली वाटी हातातच राहिली. पलंगाच्या पाट्या उचलून आत येणारे यशवंतराव मात्र त्या जागच्या जागी ठेवून पुढे सरसावले. पट्टी त्यांच्या हातात कधी आली ते त्यांनाही कळलं नाही.

"वितीनं नको, चुकेल," ते म्हणाले. "इकडची बाजू जरा आत आहे. मी सांगतो, तू लिही."

"अहो," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "पट्टी ठेवा."

"अगं, पण त्याला माप..."

"पट्टी ठेवा."

यशवंतरावांनी पट्टी ठेवली. त्यांनी चौकटीकडे बघितलं, ओट्याकडे, दारात उलट्या ठेवलेल्या पलंगाकडे आणि मग बायकोकडे. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं.

"बेटा, तुम्हारी ट्रेन छूट जाएगी," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"ट्रेन शाम को है, आंटी."

"क्या पता, आज जल्दी आ जाए. अंकल छोड आएँगे." त्यांनी त्याच्या बॅगेत शिऱ्याचा डबा भरला, त्यावर लोणच्याची बाटली, आणि बॅग स्वतः उचलून स्कूटरवर ठेवली. "अहो, गाडी हलेपर्यंत तिथेच थांबा. आणि बाजारावरून नेऊ नका."

यशवंतराव त्याला लांबच्या रस्त्यानं घेऊन गेले. फलाटावर कुली अजून झोपलेले होते. दोघे बाकावर बसले. शिरा संपला, लोणचं उघडलं, गाडीचा पत्ता नव्हता. जोमोन उठून इकडेतिकडे फिरायला लागला. फलाटाच्या टोकाला एक बंद खोली होती आणि तिच्या खिडकीची काच फुटलेली होती. तो तिथे थांबला, आणि त्याचा हात चौकट मोजायला आपोआप वर गेला.

"हाथ मत लगाना," यशवंतराव बाकावरून म्हणाले. "क्या पता, अंदर कौन रहता हो."